जिल्ह्याचा मान आणि त्याची मोजदाद

पावसाळा निम्मा सरला की महाराष्ट्रातील शाळांच्या मैदानांवर चुन्याच्या रेषा उमटू लागतात. प्रथम तालुक्याच्या, मग जिल्ह्याच्या, पुढे विभागाच्या आणि शेवटी राज्याच्या शालेय स्पर्धा, हा क्रम वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलामुलींचे संघ त्यात उतरतात. याच्याच मागेपुढे निरनिराळ्या खेळांच्या जिल्हा संघटना आपापल्या निवडचाचण्या घेतात आणि राज्य अजिंक्यपद स्पर्धेसाठी जिल्ह्याचा संघ जाहीर करतात. यादी लागली की मैदानाच्या कडेला, शिक्षकांच्या खोलीत आणि एस. टी. च्या थांब्यावर एकच चर्चा सुरू होते. अमका आत कसा आला आणि तमका बाहेर का राहिला? या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर मिळते. निवड समितीने निवड केली.

हे उत्तर खोटे नसते. पण ते उत्तरही नसते. निवड कोणी केली हे त्यातून कळते, ती कशाच्या आधारे केली हे कळत नाही. ज्या मुलाचे नाव वगळले गेले त्याला आपण कोठे कमी पडलो हे समजत नाही आणि ज्याचे नाव आले त्यालाही आपण कशामुळे निवडलो गेलो याचा बोध होत नाही. मग एकाच्या मनात वशिल्याचा संशय घर करतो आणि दुसऱ्याच्या यशाला त्या संशयाचा डाग लागतो. निवड प्रामाणिकपणे झाली असली तरी तिचे कारण सांगितले न गेल्यामुळे ती अप्रामाणिक वाटू लागते. जिल्ह्याचा मान कोणाला मिळावा, या वादाचे खरे मूळ येथे आहे.

मानाची किंमत

एके काळी या वादाकडे काणाडोळा करणे शक्य होते. जिल्ह्याकडून खेळणे म्हणजे छातीवर जिल्ह्याचे नाव, गावात चार दिवसांचे कौतुक आणि शाळेच्या फलकावर खडूने लिहिलेले अभिनंदन, एवढाच त्याचा अर्थ होता. आज तसे राहिलेले नाही. शासनाच्या नियमांनुसार मान्यताप्राप्त खेळांत जिल्हा पातळीपासून पुढे यश मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे क्रीडागुण मिळतात आणि स्पर्धेची पातळी जसजशी वर जाते तसतसे हे गुणही वाढतात. ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने राज्यातील शासकीय व निमशासकीय नोकऱ्यांत गुणवत्ताप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण ठेवण्यात आले आणि १ जुलै २०१६ च्या निर्णयाने त्याच्या अटी सुधारण्यात आल्या. अशा नोकरीसाठी लागणारे प्रावीण्य जिल्ह्याच्या वरच्या पातळीचे असते हे खरे. परंतु वर जाण्याचा जिना जिल्ह्याच्या पायरीवरूनच चढावा लागतो. ज्याला ही पहिली पायरी नाकारली गेली, त्याला पुढच्या पायऱ्या असून नसल्यासारख्याच.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर जिल्हा संघातील जागा ही एक दुर्मीळ वस्तू झाली आहे. कबड्डीच्या संघात १२ खेळाडू असतात. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ मध्ये नामांतर होण्यापूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, तालुके आहेत १४. म्हणजे तालुक्यामागे सरासरीने एक जागाही येत नाही. जी वस्तू मोजकी आहे आणि जिला परीक्षेच्या गुणपत्रिकेत व नोकरीच्या बाजारात मोल आहे, तिचे वाटप कोणत्या नियमाने होते हा प्रश्न मग खेळापुरता राहत नाही. शिधावाटपाच्या दुकानात साखर कोणाला किती मिळाली याची नोंद ठेवली जाते, कारण तेथे वाटप सार्वजनिक असते. ज्या प्रमाणपत्राच्या आधारे पुढे सार्वजनिक परीक्षेतील गुण आणि सार्वजनिक तिजोरीतून पगार मिळावयाचा, त्या प्रमाणपत्राच्या वाटपाची नोंद मात्र तीनचार माणसांच्या स्मरणात राहते, ही विसंगती आहे.

जेथे वस्तूला मोल असते आणि वाटपाचा नियम अस्पष्ट असतो तेथे काळा बाजार निर्माण होतो, हा नियम साखरेला लागू आहे तसाच प्रमाणपत्रालाही. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांच्या आधारे शासकीय नोकऱ्या मिळविल्याची प्रकरणे महाराष्ट्रात उघडकीस आली आहेत. नोकरीसाठी सादर होणाऱ्या प्रमाणपत्रांची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून करून घेण्याची व्यवस्था आहे, ती उगीच नाही. परंतु पडताळणी कागदाची होते. हा कागद खरा आहे का, स्पर्धा झाली होती का, हे त्यात पाहिले जाते. संघात बसलेला मुलगाच त्या जागेचा खरा हक्कदार होता का, हा प्रश्न पडताळणीच्या कक्षेबाहेर राहतो. बनावट कागदापेक्षा खऱ्या कागदावरचे चुकीचे नाव शोधणे अवघड असते.

दोन दरवाजे

जिल्ह्याच्या मानाकडे जाणारे मुख्य दरवाजे दोन आहेत. पहिला शालेय स्पर्धांचा. सांघिक खेळांत तेथे विजयी शाळेचा संघ पुढे जातो. हरलेल्या शाळेतील उत्तम खेळाडू हरलेल्या संघाबरोबर घरी परततो. समजा, माणिकदौंडीच्या डोंगरपट्ट्यातील एखाद्या लहान शाळेत एक मुलगा विलक्षण चपळ चढाईपटू आहे. पण त्याच्या मागे उभे राहणारे सहा जण नवखे आहेत. तो एकटा पंधरा गुण मिळवितो आणि त्याचा संघ तीस गुण गमावतो. तालुक्याच्या पहिल्याच फेरीत त्याची स्पर्धा संपते. त्याच सुमारास मोठ्या शाळेच्या बळकट संघातील बारावा खेळाडू एकही चढाई न करता संघाबरोबर पुढे सरकतो. यात कोणाचाही लबाडीचा हेतू नाही. पद्धतच अशी आहे की तीत शाळेचे बळ मोजले जाते आणि खेळाडूचे मोजले जात नाही.

दुसरा दरवाजा जिल्हा संघटनेच्या निवडचाचणीचा. पहिल्या दरवाजातून न आलेल्या खेळाडूला न्याय मिळावयाचा तो येथे. परंतु ही चाचणी अनेकदा एका दिवसाची किंवा एका दुपारची असते. जिल्ह्यातून मुले येतात, त्यांचे तात्पुरते संघ पाडले जातात, निवड समितीचे सदस्य कडेला बसून पाहतात आणि सायंकाळी यादी तयार होते. ज्या मुलाला अर्ध्या डावात दोनच चढाया मिळाल्या आणि त्यांतील एकीत त्याचा पाय घसरला, त्याच्या वर्षभराच्या सरावाचा निवाडा त्या एका घसरण्यावर होतो. ज्याला समितीतील कोणी पूर्वीपासून ओळखतो त्याचे घसरणे मात्र 'आज त्याचा दिवस नव्हता' म्हणून सोडून दिले जाते. येथेही लबाडी असेलच असे नाही. ओळखीच्या माणसाविषयी आपल्याजवळ अधिक माहिती असते आणि अनोळखी माणसाविषयी फक्त समोर दिसते तेवढीच. माहितीच्या या विषमतेचा लाभ जिल्ह्याच्या ठिकाणाजवळ राहणाऱ्या, नामांकित मंडळातून खेळणाऱ्या मुलाला आपोआप मिळतो.

निवड समितीवर बसणाऱ्या मंडळींवर सरसकट दोषारोप करणे अन्यायाचे होईल. त्यांतील बहुतेक जण निवृत्त खेळाडू किंवा शारीरिक शिक्षणाचे शिक्षक असतात. उन्हातान्हात उभे राहून, अनेकदा पदरमोड करून ते हे काम करतात. त्यांच्यावर वरून दडपण येते, खालून आर्जवे येतात आणि निवड कशीही केली तरी शिव्या त्यांनाच खाव्या लागतात. नोंदीचा आधार नसल्यामुळे प्रामाणिक निवडकर्त्यालाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही. म्हणून नियमांची गरज जितकी खेळाडूला आहे तितकीच ती निवडकर्त्यालाही आहे.

कोयता आणि चाचणी

पाथर्डीसारख्या तालुक्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. गर्भगिरीच्या डोंगररांगांत वसलेला हा तालुका पावसाच्या भरवशावर जगतो. येथील आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात आणि गळीत हंगाम आटोपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवराबायकोच्या जोडीला येथे एक कोयता म्हणतात. घरात चौदापंधरा वर्षांचे मूल असले तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. आजीआजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहून शाळा करावयाची, नाहीतर आईबापांबरोबर फडावर जाऊन धाकट्या भावंडांना सांभाळावयाचे आणि हळूहळू स्वतःच अर्धा कोयता व्हावयाचे.

खेळाच्या हंगामाचा आणि उसाच्या हंगामाचा मेळ येथे बसत नाही. तालुक्याच्या स्पर्धा पावसाळ्यात होतात तेव्हा हा मुलगा गावात असतो. पुढच्या पातळीच्या स्पर्धा आणि चाचण्या येतात तेव्हा घराला कुलूप लागण्याची वेळ झालेली असते. चाचणीची तारीख आगाऊ ठरलेली असेल, तिची वार्ता शाळेपर्यंत पोचलेली असेल, तर मुलगा मागे राहण्याचा विचार करू शकतो. तारीख आठवडाभर आधी कोणाच्या तरी फोनवर कळली, तर तोपर्यंत ट्रक निघून गेलेला असतो. शहरातील मुलाच्या दृष्टीने तारखेचा घोळ ही किरकोळ गैरसोय असेल; येथे तेवढ्यावर एका मुलाचे खेळणे थांबते.

अंतराचाही विचार केला पाहिजे. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे; त्याचा विस्तार १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. अकोल्याच्या सह्याद्रीपासून पाथर्डी-जामखेडच्या सीमेपर्यंत पसरलेल्या या जिल्ह्याची चाचणी नगरच्या वाडिया पार्कवर सकाळी ठेवली, तर शहरातील मुलगा सायकलवर येतो आणि खरवंडी कासारच्या मुलाला पहाटे पाथर्डी गाठून तेथून पुढे सुमारे ५० किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. बसचे भाडे, बरोबर येणाऱ्या मोठ्या माणसाचा बुडालेला रोजगार आणि दुपारचे जेवण मिळून जो खर्च होतो तो मजूर कुटुंबाला सहज पेलणारा नसतो. अर्थशास्त्रात ज्याला वैकल्पिक खर्च म्हणतात तो हाच. चाचणी सर्वांना खुली आहे असे पत्रकात छापले, तरी तिचे प्रवेशमूल्य प्रत्येकाला सारखे नसते.

या भागातील मुलांच्या अंगी काय आहे हे सांगावयास दूर जाण्याचे कारण नाही. पाथर्डीला लागून असलेल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे हा वीटभट्टीवर काम करणाऱ्या आईबापांचा मुलगा. बारावीनंतर तो सैन्यात गेला आणि तेथे त्याच्या धावण्याला खरी दिशा मिळाली. ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. धावणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट असते. त्याचा निवाडा घड्याळ करते आणि घड्याळाला गाव, जात किंवा मंडळ ठाऊक नसते. कबड्डीत, खो-खोत, व्हॉलीबॉलमध्ये असे घड्याळ नाही. तेथे माणसाने माणसाचा निवाडा करावयाचा असतो; म्हणून तेथे नियम अधिक काटेकोर हवेत. प्रत्यक्षात ते तेथेच अधिक सैल आहेत.

इतरत्रचा अनुभव

हा पेच केवळ आपल्याकडचा आहे असे मात्र समजू नये. अमेरिकेतील माध्यमिक शाळांत बेसबॉल हा मोठ्या प्रतिष्ठेचा खेळ आहे. तेथील शाळांची स्पर्धेसाठी जिल्हावार विभागणी केलेली असते आणि हंगामाच्या अखेरीस अनेक ठिकाणी त्या त्या जिल्ह्यातील शाळांचे प्रशिक्षक एकत्र बसून मतदानाने जिल्ह्याच्या मानाचा संघ निवडतात. हा संघ प्रत्यक्ष खेळण्यासाठी नसतो. तो गौरवासाठी असतो. पहिला संघ, दुसरा संघ आणि त्याखाली उल्लेखनीय खेळाडू अशी उतरंड लावली जाते. प्रत्येक सामन्याची खेळाडूवार नोंदवही तेथे असते. कोणी किती वेळा फलंदाजीस आला, किती फटके मारले, कोणाच्या गोलंदाजीवर किती धावा निघाल्या, हे आकडे मतदानापूर्वी सर्वांपुढे असतात. तरीही तेथे वाद होतात. विजेत्या शाळेला अधिक जागा मिळतात, प्रशिक्षक एकमेकांशी देवघेव करतात, शेवटच्या वर्षाच्या मुलांना झुकते माप दिले जाते, दुबळ्या संघांविरुद्ध फुगविलेले आकडे खऱ्या गुणवत्तेवर मात करतात, अशा तक्रारी पालक दरवर्षी करतात.

निवड लोकांवर सोपवावी म्हटले तर तोही उपाय निर्दोष नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये १९५७ साली मानाच्या सामन्यासाठी प्रेक्षकांचे मतदान घेण्यात आले, तेव्हा सिनसिनाटी शहरातील चाहत्यांनी मतपत्रिकांचा असा पाऊस पाडला की आठपैकी सात जागांवर त्यांच्याच संघाचे खेळाडू निवडून आले. अखेर खेळाच्या आयुक्तांनी त्यांतील दोघांना वगळले आणि प्रेक्षकांचा मतदानाचा हक्कही काढून घेतला. तो त्यांना १९७० मध्ये परत मिळाला. मोबाइलवर मते मागविण्याच्या आजच्या काळात हा दाखला ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ज्याचे गाव मोठे त्याची मते अधिक, असा प्रकार झाला तर लहान गावातील मुलाला कोणीच वाली उरणार नाही.

या अनुभवातून दोन बोध घेता येतात. नोंद ठेवल्याने वाद संपत नाहीत. परंतु नोंद असली म्हणजे वाद कशाविषयी आहे हे तरी कळते. 'माझ्या मुलाला डावलले' या तक्रारीचे रूपांतर 'माझ्या मुलाचे गुण अधिक असताना तो मागे का?' या प्रश्नात होते आणि या प्रश्नाला उत्तर देता येते. दुसरे असे की आकडा हा निर्णयाचा आधार असावा, निर्णय नव्हे.

आकडे आणि नजर

खेळातील जाणकार येथे एक आक्षेप घेतील आणि तो विचार करण्याजोगा आहे. कबड्डीतील चांगला कोपरारक्षक नुसता जागेवर उभा राहून चढाईपटूला बिचकवितो. त्याच्या नावावर पकडी कमी दिसतात, कारण त्याच्या बाजूला कोणी फिरकतच नाही. आकड्यांच्या आहारी गेल्यास असा खेळाडू हातचा जाईल. शिवाय संघ म्हणजे बारा उत्तम खेळाडूंची बेरीज नव्हे. डावा कोपरा, उजवा कोपरा, मध्यरक्षक, बोनस घेणारा चढाईपटू, अशी जुळणी करावी लागते. नाहीतर बाराही चढाईपटू निवडले जातील आणि पकड करावयास कोणी उरणार नाही.

हे सर्व मान्य केले तरी त्यातून नोंद नको असा निष्कर्ष निघत नाही. जाणकार नजरेला जागा ठेवावीच. फक्त त्या नजरेने आपण काय पाहिले ते दोन ओळींत लिहून द्यावे. 'उजव्या कोपऱ्यासाठी अमुक खेळाडू, कारण तीन सामन्यांत त्याच्या बाजूने प्रतिपक्षाला गुण मिळाले नाहीत', एवढे लिहावयास किती वेळ लागतो? जे कारण लिहिता येत नाही ते बहुधा सांगण्याजोगेही नसते.

नोंद ठेवणे अशक्य आहे असेही नाही. महाराष्ट्राच्याच मातीत नियमबद्ध झालेल्या खो-खोत ही परंपरा आहे. खो-खोच्या गुणपत्रकात प्रत्येक संरक्षक किती मिनिटे आणि किती सेकंद टिकला व त्याला कोणी बाद केले हे लिहिले जाते. त्यामुळे खो-खोतील खेळाडूची योग्यता सामना न पाहिलेल्या माणसालाही काही प्रमाणात कळू शकते. कबड्डीतही २०१४ मध्ये सुरू झालेल्या व्यावसायिक लीगमुळे चढाईचे गुण आणि पकडीचे गुण खेळाडूवार मोजण्याची सवय प्रेक्षकांना लागली. दूरचित्रवाणीवरील खेळाडूचा प्रत्येक गुण गावातील पोराला तोंडपाठ असतो. त्याच पोराने स्वतः तालुक्याच्या मैदानावर मिळविलेले गुण मात्र सामना संपताच पुसले जातात. संघ अमुक गुणांनी जिंकला, एवढेच मागे उरते.

काय करता येईल

यावर उपाय सुचवावयाचे तर ते खर्चाचे नसावेत आणि मूठभर शिक्षकांच्या डोक्यावर नवे ओझे टाकणारेही नसावेत. अनेक शाळांत शारीरिक शिक्षणाला पूर्णवेळ शिक्षक नाही, हे वास्तव नजरेआड करून चालणार नाही. तरीही काही गोष्टी सहज होण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट नोंदीची. तालुक्याच्या प्रत्येक सामन्यात गुणलेखकाने खेळाडूच्या क्रमांकापुढे त्याचे गुण लिहावेत. हे काम वरच्या वर्गातील एखादा विद्यार्थीही थोड्या सरावाने करू शकेल. ही पत्रके तालुक्याला आणि जिल्ह्याला जपून ठेवावीत आणि चाचणीच्या दिवशी ती निवड समितीपुढे असावीत. एका दुपारच्या खेळाला हंगामाच्या नोंदीची जोड मिळाली म्हणजे एका घसरलेल्या पावलावर कोणाचे भवितव्य ठरणार नाही.

दुसरी गोष्ट हरलेल्या संघांतील खेळाडूंची. प्रत्येक तालुक्याच्या स्पर्धेनंतर पंचांनी सर्व संघांतून मिळून काही खेळाडूंची नावे जिल्हा चाचणीसाठी सुचवावीत. याचा अर्थ तालुक्यांना संघातील जागा वाटून द्याव्यात असा नव्हे. राखीव जागांच्या वाटणीने संघ दुबळा होईल आणि पाथर्डीच्या मुलालाही 'तालुक्याच्या वाट्याने आलेला' असे हिणविले जाईल. दार सर्वांना सारखे उघडे असावे, आत मात्र गुणवत्तेनेच जागा मिळावी.

तिसरी गोष्ट निवडकर्त्यांची. ज्याच्या शाळेचा, मंडळाचा किंवा नात्यातील मुलगा चाचणीत आहे त्याने त्या मुलाला गुण देऊ नयेत. किमान तिघांनी एकमेकांशी न बोलता आपापले गुण लिहावेत आणि मगच चर्चा करावी. संघाच्या यादीबरोबर हे गुणही फलकावर लावावेत. परीक्षेत उत्तरपत्रिका तपासणारा आपल्या मुलाची उत्तरपत्रिका तपासत नाही, हे तत्त्व शाळेला नवीन नाही.

चौथी गोष्ट तारखेची आणि भाड्याची. चाचणीची तारीख, ठिकाण आणि निकष किमान एक महिना आधी प्रत्येक माध्यमिक शाळेच्या फलकावर लागावेत. स्थलांतर होणाऱ्या तालुक्यांचा विचार करून चाचण्या शक्यतो दिवाळीपूर्वी घ्याव्यात. ज्या मुलाचे नाव तालुक्याने सुचविले त्याचे बसभाडे संघटनेने, जिल्हा परिषदेने किंवा तालुक्यातील सहकारी संस्थांनी द्यावे. ज्या साखर कारखान्यांचे गाळप या कुटुंबांच्या श्रमांवर चालते त्यांनी हा भार उचलला तर तो उपकार ठरणार नाही. ऋणाची थोडी फेड ठरेल.

पाचवी गोष्ट दाद मागण्याची. संघ रवाना होण्यापूर्वी तीनचार दिवसांची मुदत असावी आणि निवड समितीबाहेरील कोणीतरी तक्रार ऐकून लेखी उत्तर द्यावे. दाद मागण्याचे मोल काय असते हे या राज्याला चांगले ठाऊक आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपूर्वी कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना निवडीच्या वेळी एका गुणाने मागे टाकण्यात आले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, कुस्ती पुन्हा लावण्यात आली, ती त्यांनी जिंकली आणि हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. ही कथा आपण अभिमानाने सांगतो. पण तिच्यातील अस्वस्थ करणारा भाग असा की तो न्याय महाराजांच्या मर्जीवर अवलंबून होता. ज्यांना महाराजांपर्यंत पोचता आले नाही अशा किती मल्लांची नावे इतिहासाला कधी कळलीच नसतील, याचा हिशेब कोणाजवळ आहे?

खेळांच्या संघटना स्वायत्त आहेत, त्यांच्या कारभारात बाहेरच्यांनी लक्ष घालू नये, असा युक्तिवाद यावर केला जाईल. स्वायत्तता मोलाची आहेच. राजकीय पुढाऱ्यांनी संघ निवडावेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु ज्या संस्थेने दिलेल्या प्रमाणपत्राला शासन मान्यता देते तिने आपला कारभार उघड्यावर मांडला पाहिजे. २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला आणि त्यात क्रीडाविषयक तंट्यांसाठी न्यायाधिकरणाची तरतूद केली. दिल्लीतील या दाराशी पोचण्याची ऐपत नवव्या-दहाव्या इयत्तेतील मुलाजवळ नसते. त्याच्यासाठी न्यायाची सोय मैदानाच्या कडेलाच व्हावी लागते.

यातील बहुतेक सूचनांसाठी नव्या कायद्याची किंवा मोठ्या निधीची गरज नाही. एखाद्या तालुक्याने ठरविले तर पुढच्या हंगामातच प्रारंभ करता येईल. पाथर्डी तालुक्यातील शाळांनी एकत्र येऊन तालुका स्पर्धेतील प्रत्येक सामन्याचे खेळाडूवार गुणपत्रक ठेवावे, ते तहसीलच्या ठिकाणी सर्वांना पाहावयास लावावे आणि त्याची प्रत आपल्या खेळाडूंबरोबर जिल्हा चाचणीला पाठवावी. निवड समितीला तो कागद नाकारता येईल. पण तो कागद आपल्यापुढे नव्हता असे मग तिला म्हणता येणार नाही. डोंगरपट्ट्यातील मुलगा निवडला गेला तर त्याला आपली योग्यता कळेल. निवडला गेला नाही तर आपण कोठे उणे पडलो हे समजून तो पुढच्या वर्षी पुन्हा मैदानावर उतरेल. आज मात्र यादीत नाव नसलेला मुलगा खेळ सोडतो आणि बापाबरोबर कोयता हाती घेतो. त्याची गुणवत्ता अपुरी होती की आपली मोजदाद अपुरी होती, याचे उत्तर जिल्ह्याने त्याला द्यावयाचे अजून बाकी आहे.